टर्बोची ओटी

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. देवीला सुद्धा नाही. दरसाल तुळजापूरला जाते, रांगेत उभी राहते, समोर गेलं की ओठापर्यंत येतं — तेवढ्यात मागची बाई ढकलते, "पुढं सरा की मावशी" म्हणते, आणि मी सरते. खरं सांगू? बरंच वाटतं सरायला. आता तुम्ही समोर बसलाय, मागून ढकलणारं कुणी नाही. तर ऐका. मधेच थांबले तर थांबू द्या. सरळ रेघेत सांगण्यासारखं हे नाही.

आधी माझा स्वभाव सांगते, म्हणजे पुढचं कळंल. मी संशयी बाई. लहानपणापासूनच. दूधवाल्यानं माप ओतलं की मी थेंब नखावर घेऊन बघणार. भाजीवालीनं तराजू उचलला की पारड्याच्या खालून हात फिरवणार — खाली चुंबक चिकटवतात, ठाऊक आहे का तुम्हाला? माझी धाकटी जाऊ माकणीची, तोंडानं फटकळ. ती चारचौघांत म्हणायची, "आमच्या बाई देवाचा पेढा बी फोडून बघतात, आत काय हाय म्हणून." सगळे हसायचे, मी बी हसायची. मला त्यात मोठेपणा वाटायचा. मला कुणी फसवू शकत नाही — असं होतं ते. संशय कुठं संपतो आणि हुशारी कुठं सुरू होते, तुम्हाला कळतं का? मला लई उशिरा कळलं. कळलं तेव्हा उपयोग नव्हता.

आमच्या मालकांची टोचनची गाडी होती. उमरग्याला, हैदराबाद रोडवर. टोचन म्हणजे रस्त्यात बंद पडलेला ट्रक ओढून आणायचा. जुनी नाकवाली गाडी, मागं लोखंडी हूक आणि साखळदंड, पुढं कवड्यांची माळ. फोन आला की मालक ताटावरून उठायचे. गाडीनं त्यांना नाव दिलं होतं. सास्तूरपासून सीमेपर्यंत ड्रायव्हर लोक "तात्याला बोलवा" म्हणायचे.

पण गाडी थकली होती. मागं भरलेला ट्रक लागला की नळदुर्गच्या चढाला म्हाताऱ्या रेड्यासारखी धापा टाकायची. काळा धूर असा, की मागच्याला दिवसाढवळ्या बत्ती लावावी लागायची. तेव्हा इरण्णा मिस्त्री म्हणाला, "तात्या, इंजिन झकास हाय. श्वास कमी पडतोय तिचा. मोठा टर्बो बसवू."

टर्बो काय असतो ते मला त्यानंच सांगितलं. लोहाराचा भाता असतो ना, तसा. फक्त हा भाता गाडीच्याच धुरानं फिरतो. आत पात्यांचं चाक असतं, ते गरगर फिरून इंजिनात हवा कोंबतं. हवा जास्त, तर आग जास्त, तर ओढ जास्त. मी म्हणलं, "आत्ता हाय तो टर्बो काय वाईट हाय?" तर हसून म्हणाला, "अक्का, लेकरू मोठं झाल्यावर जुनं अंगडं बसतंय का?"

गोड बोलला, आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

इरण्णा पलीकडचा होता. कर्नाटकातून येऊन गॅरेजलाइनीत एक पत्र्याचं शेड घेतलेलं. कानडी मिसळून मराठी बोलायचा. "हो" म्हणायच्या ऐवजी तोंडातून "हौद" निघायचं. त्याच्याविषयी वाईट कुणी काही सांगितलं नव्हतं. मग मला संशय कशाचा? तर ह्याचाच! ज्याच्याविषयी कुणीच वाईट सांगत नाही, तो किती पक्का असंल? अशी चालायची माझी खोपडी. आणि गॅरेजलाइनीतल्या गोष्टी तर तुम्ही ऐकल्याच असतील. गाडीमालक चहाला गेला की नवा माल निघतो, घासूनपुसून जुना बसतो. मालकाला काय कळतंय? डबा नवा, आतला ऐवज जुना.

टर्बो हैदराबादहून ट्रान्सपोर्टनं आला, आधी आमच्या घरी. आता आमच्यात अशी रीत आहे, की दारात नवीन काही आलं — बैल असो, पाण्याची मोटार असो — त्याची ओटी भरायची. मी पाट मांडला. टर्बो त्यावर ठेवला. काय चकचकीत दिसत होता, गोगलगाईच्या शंखासारखा वळलेला. हळद-कुंकू वाहिलं, तांदूळ, नारळ, आणि हिरवा खण, रेशमी, तांबड्या काठाचा. मालक दारातून बघत होते. "टर्बोची ओटी भरायलीस व्हय? आता बारसं बी उरकून घे. नाव काय ठेवतीस?" मी म्हणलं, "चेष्टा करू नका, देवाचं हाय."

देवाचं? इथंच पहिली लबाडी बघा. कारण मालक वळल्यावर मी कुंकवाचं एक बोट तेलात बुडवलं, आणि टर्बोच्या तोंडाबाहेरच्या कडेला, जिथं वरून रबरी पाइप चढतो आणि कुणाला दिसत नाही, तिथं ठसा उमटवला. पूजा नव्हती ती. खूण होती. चोर पकडायची. मी देवीच्या कुंकवाला पहाऱ्यावर बसवलं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजला मालकांबरोबर मी बी गेले. बायका जात नाहीत तिथं. इरण्णानं बसायला बाज टाकली, चहा मागवला. मी मनात म्हणलं, चहा कशाला? लक्ष उडवायला? त्यानं जुना टर्बो काढला, पुसला, तेल लावलं आणि पोत्यात गुंडाळून आतल्या फळीवर ठेवला. मी म्हणलं, भंगार एवढं जपून कोण ठेवतं? विकणार दिसतोय. मग नवा बसवायची वेळ आली, तर त्यानं चक्क शटर खाली ओढलं.

शटर! भर दुपारी!

"शटर कशाला पाडायलास?"

"वारं सुटलंय अक्का. शेतं नांगरलेली, बघा की कसली काळी धूळ येतीया. टर्बोच्या तोंडात धूळ गेली तर पाती खातीया ती. थोडा वेळ बसा की भाएर."

मालक टपरीवर गप्पा मारत बसले. मी शटरसमोर. आतून पान्यांचा आवाज. वाऱ्यानं खरंच डोळे उघडवत नव्हते, दातांत माती करकरत होती. तरी मी धुळीवर विश्वास ठेवला नाही. मला एकच दिसत होतं: बंद शटर, आणि त्याच्याआड माझा नवा शंख.

काम झालं. गाडी चालू केली तर आवाज बदललेला, बारीक शीळ घातल्यासारखा. मालकांचा चेहरा असा फुलला, की लग्नात बी तेवढा फुलला नव्हता. इरण्णा म्हणाला, "आज लोड लावू नका तात्या. उद्या मी घरी येऊन एकदा सगळं तपासतो, मग ओढा काय ओढायचं ते." आम्ही घरी आलो.

आता मी — थांबा. पाणी पिते जरा.

मालक आंघोळीला गेले. मी गाडीपाशी आले. हातात तो ओटीचा खण. ओटीतला खण गाडीच्या तोंडावर बांधायचा असतो, तेव्हा कुणी विचारलं तर उत्तर तयार होतं: खण बांधायलेय. बॉनेट उचललं. गाडीवाल्याची बायको होते, इतकी वर्षं पाने-पेचकस हातात देत आले होते, रबरी पाइपची पट्टी सैल करणं काय मला अवघड? पट्टी सोडली, पाइप ओढून काढला आणि कडेला बघितलं.

ठसा होता. माझ्याच बोटाचा. जसा लावला तसा.

तुम्हाला वाटंल, मला हायसं वाटलं असंल. नाही हो. मला वाईट वाटलं. हिरमोड झाला माझा. चोर पकडायला गेले आणि चोरच नाही! हे आजवर मी स्वतःशी सुद्धा नीट बोललेले नाही. तो प्रामाणिक निघाला, आणि मला ते आवडलं नाही.

वारं तसंच चालू होतं. आणि गंमत बघा, ज्या धुळीच्या गोष्टीवर मी विश्वास ठेवला नव्हता, ती आता आठवली. पाइपात धूळ जाऊ नये म्हणून मी हातातल्या खणाचा सैल बोळा केला आणि पाइपाच्या तोंडात घातला. म्हणलं, ठसा नीट उजेडात बघू, पदरानं कडा पुसू, मग लावू. तेवढ्यात न्हाणीत मालकांचा मोबाइल वाजला. त्यांनी तिथूनच घेतला. "अगं ए, चढाला टँकर बंद पडलाय, मी निघालो!" मी दचकले. बॉनेटमधे मला बघितलं तर काय म्हणतील? इरण्णानं लोड लावू नका म्हणलं होतं, त्याची तरी आठवण करून द्यायची? नाही. मी पाइप चढवला. पट्टी आवळली. बॉनेट पाडलं. केस पुसत मालक बाहेर आले, गाडीत बसले, गेले.

आणि खण?

दारात उभी राहून हात रिकामे बघितले, तेव्हा ध्यानात आलं. फोन करता आला असता. मोबाइल होता त्यांच्याकडं. एक फोन! मी फोन हातात घेतला बी होता. काय सांगू म्हणलं — तुमच्या मिस्त्रीवर संशय घेऊन मी पाइप उघडला, तो साव निघाला, आणि खण आत राहिला? मी फोन ठेवला. म्हणलं, असंल कुठंतरी खाली पडला. अंगणात शोधला. सापडायचा नाही हे ठाऊक असताना शोधला.

रिकामी गाडी जाते हो तशी. जरा जड वाटली, मालक नंतर म्हणाले, पण नवीन सामान, वाटायचंच. मागं टँकर लागला, चढ लागला, त्यांनी पाय दाबला — आणि त्या भात्यानं खण आत ओढला. किंकाळी फोडल्यासारखा आवाज झाला म्हणे. पाती मोडली. ओढ गेली. टँकर मागं सरकायला लागला, त्याच्याबरोबर आमची गाडी. टँकरवाला शहाणा, त्यानं डोंगराच्या कडेला घासून थांबवला, तो वाचला. मालकांनी उडी मारली, ती उजव्या गुडघ्यावर.

मालक दवाखान्यात. गाडी ओढून दारात आणली दुसऱ्या टोचनवाल्यानं. जाता जाता म्हणाला, "काय वैनी, टोचनलाच टोचन लावायची पाळी आली." मी हसले बी होते त्याच्या बोलण्याला. मग तो गेला. अंगणात मी आणि गाडी.

मी पाइप उघडला. अर्धा खण चाकाला गुंडाळून चिंध्या झालेला, अर्धा पाइपात, तांबड्या काठासकट. पाइपातला अर्धा मी ओढून काढला आणि पाणी तापवायच्या चुलीत घातला. रेशीम जळताना केस जळाल्यासारखा वास येतो. त्या दिवशी मी त्याच पाण्यानं अंघोळ केली. चाकातल्या चिंध्या तेलानं काळ्या झाल्या होत्या, त्या निघाल्या नाहीत. पाइप पुन्हा बसवून ठेवला. जसा मिस्त्री बसवतो तसा.

दुसऱ्या दिवशी इरण्णा आला. कुणी बोलवायच्या आधी आला. मालक बाजेवर, गुडघ्याला पट्टी. गॅरेजलाइनीतले सात-आठजण जमलेले. दुसऱ्याचं बिघडलेलं काम बघायला मिस्त्रीइतकं कुणी उत्सुक नसतं. इरण्णानं पाइप काढला, आत बोट घातलं, आणि एक धागा ओढून उजेडात धरला.

"तात्या, आत कपडा गेलाय."

"कपडा? कसला कपडा?"

तो धाग्याकडं बघत राहिला. मग मला विचारलं. आवाज चढवला नाही, अगदी रीतीनं. "अक्का, गाडी घरी आल्यावर पाइप कुणी उघडलं होतं का?"

मी म्हणलं, "आमच्या घरात मिस्त्री कोण हाय?"

सगळे हसले. हसू ऐकलं आणि माझ्या अंगात काय संचारलं कुणास ठाऊक. पुढचं कुणी विचारलं नव्हतं, तरी मी बोलले. "फडकं मिस्त्रीच्या हातात असतंय. आन शटर पाडून आत काय केलंस, ते आमाला काय दिसतंय?"

यातला एक शब्द तरी खोटा आहे का? बघा बरं. आमच्या घरात मिस्त्री नव्हता. फडकं मिस्त्रीच्याच हातात असतं. शटर पाडलंच होतं. किती वर्षं मी ह्याच्यावर डोकं टेकून झोपले — की मी खोटं बोललेच नाही.

इरण्णा म्हणाला, "माझी फडकी जुन्या बनेलची असत्यात तात्या, सुती. हा धागा रेशमाचा हाय. बघा तरी." मालक कळवळून ओरडले, "रेशमाचा असू दे न्हायतर सुतळीचा! माझा गुडघा गेला!" मग इरण्णानं टर्बोच्या कडेला बोट लावलं, त्या ठशावर. "हे बघा. अक्कांनी पूजेचं कुंकू लावलेलं दिसलं, म्हणून मी पुसलं बी न्हाय. देवाचं म्हणून हात लावला होता मी ह्या कामाला."

तेव्हा त्यानं माझ्याकडं बघितलं का? तुम्हाला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. मी खाली बघत होते.

मालकांनी मला एकदाच विचारलं, संध्याकाळी. "खण बांधला होतास ना गाडीला?" मी म्हणलं, "बांधला होता. वाऱ्यानं उडाला असंल." हा मात्र सरळ खोटा शब्द. ते म्हणाले, "तरीच." देवी रुसली असा अर्थ लावला त्यांनी.

गाडी दुसऱ्या मिस्त्रीकडं गेली. इरण्णा पोत्यात गुंडाळलेला तो जुना टर्बो घेऊन आला, दारात ठेवला. तेल लावलेला, स्वच्छ. अडीनडीला लागतो म्हणून ठेवला होता म्हणे, आमच्यासाठीच. तो ठेवून पाण्याचा घोट न घेता गेला. मी विचारलं नव्हतं पाणी.

आणि मग त्याचं नाव पडलं. फडक्या. गॅरेजलाइनीत एकदा नाव पडलं की गोंदल्यासारखं असतं. तो कुणाचं बॉनेट पाडायला लागला की पलीकडून हाळी यायची, "फडक्या, फडकं काढलंस का रं?" गिऱ्हाइकं बी हसत विचारायची. मग विचारायची बी बंद झाली, यायचीच बंद झाली. पाइपात फडकं विसरणाऱ्याच्या हातात कोण आपली गाडी देईल? तो एक दिवस शेड सोडून पलीकडं निघून गेला. गेला हे कळलं तेव्हा मी भाकरी थापत होते. थापत राहिले.

मालक मला काय करणार होते? ओरडले असते, दोन दिवस बोलले नसते, मग चारचौघांत चेष्टा करून हसले असते. भीती त्यांची नव्हती. आमच्या बाईला कुणी फसवू शकत नाही — हे खोटं पडलं असतं, एवढंच होतं.

गाडी पुढं विकली. आता चार पदरी रस्ता झालाय, नव्या क्रेनी आल्यात. मालकांचा गुडघा मात्र तसाच आहे. थंडी पडली की ठणकतो. रोज दिवेलागणीला मी मोहरीचं तेल कोमट करून चोळते, आणि ते रोज म्हणतात, "त्या फडक्यानं माझा पाय खाल्ला." मी म्हणते, "व्हय."

गेल्या महिन्यात एक जुना ड्रायव्हर भेटायला आला होता. ओसरीवर बसला. म्हणाला, "तात्या, तुमचा तो इरण्णा भेटला पलीकडं. गॅरेज हाय बारकं. पण येड लागल्यागत करतोय. काम सुरू करताना सगळी फडकी मोजून तारेवर टांगतोय, काम झालं की परत मोजतोय. जुळली न्हाईत तर जोडलेलं सगळं सोडतोय. मी म्हणलं, कशाला रे एवढं? तर म्हणाला, एकदा माझ्या हातून राहिलं होतं."

एकदा माझ्या हातून राहिलं होतं — असं म्हणाला तो.

रेशमाचा धागा उजेडात धरणारा माणूस. त्याला स्वतःला ठाऊक होतं की तो धागा त्याचा नाही. आणि आता त्याला बी तसं वाटत नाही. माझा संशय मी त्याच्या अंगात सोडून आले, आणि तो तिथं घर करून बसला.

मालक हसले. "बघितलंस? शेवटी त्याला बी पटलं. फडकं त्याचंच होतं."

माझे हात त्यांच्या गुडघ्यावर होते. तेल गार होत आलं होतं.

मी म्हणलं, "व्हय."

फडकं नव्हतं ते. हिरवा खण होता, तांबड्या काठाचा. माझ्या हातातला.